वेगवेगळ्या उंचीचे खोके, कॅमेरा एकच: फोकस हलता ठेवायचा तर कोणती लेन्स?

पट्टा_चार

नमस्कार. मशीन व्हिजनवर (कॅमेऱ्यानं वस्तू तपासणं, मोजणं) इथे लिहिणारे बरेच आहेत, म्हणून थेट प्रश्न मांडतो.

कन्व्हेअरवरून खोके येतात. उंची ५० मिमीपासून ३५० मिमीपर्यंत, त्यात ठरावीक असं काही नाही. वरून एक कॅमेरा सरळ खाली बघतो. लेन्सपासून पट्टा १००० मिमीवर आहे, म्हणजे खोक्याचा माथा लेन्सपासून कधी ९५० मिमीवर तर कधी ६५० मिमीवर येतो. माथ्यावर डेटा मॅट्रिक्स कोड (क्यूआरसारखा, लहान चौकोनांचा) असतो, त्यातला एक चौकोन ०.५ मिमीचा. तो वाचायचा आणि लेबल खोक्याच्या कडेपासून किती आत चिकटलंय ते मोजायचं. पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. खोक्यांची रुंदी २०० मिमीच्या आत.

कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आहे, २/३ इंची सेन्सर, २४४८ × २०४८, पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. लेन्स २५ मिमीची, फिक्स्ड (फोकल लेंथ न बदलणारी), सी-माउंट (कॅमेऱ्यात आट्यांनी बसणारी). मधल्या उंचीला फोकस केला की उंच खोकेही धूसर आणि बुटकेही. आयरिस, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, बंद करत नेली तर चित्र काळवंडतं.

समोर तीन पर्याय दिसतात: मोटरची झूम लेन्स, नुसता मोटरचा फोकस, किंवा लिक्विड लेन्स (आतल्या द्रवाची वक्रता विजेनं बदलून फोकस हलवणारी). घ्यायच्या आधी कोणता हिशेब मांडून बघावा?

काचकमान

झूम आधी बाजूला ठेवा. तुमची अडचण फोकसची आहे, दृश्य लहानमोठं करण्याची नाही. झूममध्ये काचांचे गट एकमेकांच्या मागेपुढे सरकतात. ते सरकले की फोकल लेंथ बदलते, कडांचा बाक बदलतो, चित्राचा मध्यही थोडा ढळतो. नुसतं बघायचं असेल तर हे चालतं, मोजायचं असेल तर आधीचं कॅलिब्रेशन (पिक्सेल आणि मिलिमीटर यांची जुळणी) निरुपयोगी होतं. व्हेरिफोकलमध्ये (फोकल लेंथ बदलता येणारी साधी लेन्स) तर फोकल लेंथ हलवली की फोकसही नव्यानं जुळवावा लागतो. उभारणीच्या वेळी दृश्य बेताचं बसवून स्क्रू आवळून टाकायला ती चांगली, चालत्या लाइनवर नको.

आता तुमचे आकडे. २५ मिमीच्या लेन्सला ९५० मिमीवर मॅग्निफिकेशन (सेन्सरवरचा आकार भागिले खरा आकार) येतं ०.०२७, दृश्य साधारण ३१३ मिमी रुंद. ६५० मिमीवर ०.०४ आणि दृश्य २११ मिमी. म्हणजे तुमची फोकल लेंथ बरोबर आहे, सगळ्यात उंच खोकाही जेमतेम मावतो. ती बदलू नका.

फोकसची खोली, म्हणजे किती अंतरापर्यंत चित्र रेखीव राहतं ते, बघा. एका पिक्सेलएवढा धूसरपणा चालेल असं धरलं तर ८०० मिमीवर एफ/४ ला (एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास) खोली मिळते फक्त २७ मिमी. एफ/८ ला ५५. धूसरपणाची मुभा दुप्पट केली तर एफ/८ ला ११०. तुम्हाला हवेत ३००. आयरिस कितीही फिरवली तरी ही दरी एका जागी बसवलेल्या फोकसनं भरत नाही. फोकस हलवावाच लागेल, प्रश्न फक्त किती आणि कशानं एवढाच आहे.

रात्रपाळी

एफ/१६ ला नेऊन प्रकाश वाढवला तर? दोन पिक्सेलची मुभा धरली तर खोली २२० मिमीच्या पुढे जाते. आमच्याकडे कोड वाचायला असंच चालतं, आणि लेन्सला एकही हलता भाग नसतो. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे.

काचकमान

पिक्सेल मोठे असतील तर जरूर चालेल, पण ३.४५ मायक्रॉनला चालणार नाही. छिद्र लहान झालं की प्रकाशाचं विवर्तन (छिद्रातून जाताना पसरणं) आडवं येतं. लेन्स कितीही चांगली असली तरी एका बिंदूचा ठिपका होतो, आणि त्याचा व्यास म्हणजे तरंगलांबी गुणिले एफ-आकडा गुणिले २.४४. हिरव्या प्रकाशात एफ/४ ला तो ५.४ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७ आणि एफ/१६ ला २१.५. शेवटचा आकडा म्हणजे सहा पिक्सेल. ९५० मिमीवर यांच्या कोडचा एक चौकोन चार पिक्सेलही भरत नाही. फोकस बरोबर असला तरी तो चौकोन शेजाऱ्यात मिसळेल.

शिवाय वेग आहे. एफ/४ ला २०० मायक्रोसेकंदांचं एक्स्पोजर पुरत असेल तर तेवढ्यात खोका ०.१ मिमी सरकतो, म्हणजे साधारण एक पिक्सेल. एफ/१६ ला सोळापट वेळ लागतो, ३.२ मिलिसेकंद. तेवढ्यात खोका १.६ मिमी पुढे जातो आणि तीन चौकोन एकमेकांवर पुसले जातात. स्ट्रोब एलईडीनं सोळापट प्रकाश पाडून हा दुसरा भाग सोडवता येईल, विवर्तनाचा पहिला भाग मात्र तसाच राहतो.

मोजपट्टी

कोडचं तुम्ही लोक बघताच आहात, मी मोजण्याबद्दल बोलतो. फोकस नेमका बसला म्हणजे माप बरोबर आलं असं होत नाही. ९५० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे १२८ मायक्रॉन आणि ६५० मिमीवर ८६. लिक्विड लेन्स लावा नाहीतर मोटर लावा, हा फरक जाणार नाही. जवळची वस्तू मोठी दिसते, त्याला लेन्सची फिरकी काही करू शकत नाही.

टेलिसेंट्रिक लेन्सनं (अंतर बदललं तरी वस्तू तेवढीच दाखवणारी) हा फरक जातो, पण तिची पुढची काच दृश्याएवढी मोठी असावी लागते. ३०० मिमीच्या दृश्याला तो विचारच नको.

तेव्हा प्रत्येक खोक्याची उंची तुम्हाला आकड्यात माहीत हवी. उंच खोक्याच्या बाबतीत उंचीत १० मिमीची चूक झाली तर मॅग्निफिकेशन १.६ टक्क्यांनी चुकतं, आणि कडेपासून ४० मिमी आत असलेल्या लेबलचं माप ०.६ मिमीनं. तुमची मुभा किती आहे ते लिहिलं नाहीत. उंची कशी कळते तेही सांगा.

पट्टा_चार

लेबलच्या जागेची मुभा १ मिमी. उंचीसाठी लेसर डिस्टन्स सेन्सर आहे, कॅमेऱ्याच्या ३०० मिमी अलीकडे. तो १ मिमीच्या आत उंची देतो, तेव्हा मोजपट्टी यांची शंका मिटावी.

सेन्सरपासून कॅमेऱ्यापर्यंत यायला खोक्याला ०.६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात साधी मोटरही फोकस फिरवेल ना? मग लिक्विड लेन्सवर जास्त खर्च कशाला?

रात्रपाळी

फिरवेल, वेळेचा प्रश्नच नाही. प्रश्न किती वेळा फिरवेल हा आहे. खोका दर दीड सेकंदाला येतो असं धरू. तासाला २४००. रोज सोळा तास आणि वर्षाला ३०० दिवस लाइन चालली तर वर्षात १ कोटी १५ लाख वेळा फोकस हलणार. फोकसच्या आट्यांमध्ये ग्रीस असतं, मोटरला लहान दातेरी चाकं असतात. दिवसातून दोन-चारदा माल बदलला की फोकस बदलायचा, या कामासाठी त्या लेन्स बनतात. त्या कामाला उत्तम आहेत. दर खोक्याला फिरवायला लागलात तर आटे सैल पडतील आणि तेवढ्या सैलपणात चित्र बाजूला हलायला लागेल.

मोटरचा फोकस घेतलाच तर एक गोष्ट पाळा. ठरलेल्या जागी नेहमी एकाच बाजूनं या. दातेरी चाकांमध्ये मोकळीक असते, वरून आलात की एक जागा मिळते आणि खालून आलात की दुसरी. पुढे जायचं असो की मागे, थोडं ओलांडून परत त्याच दिशेनं आलात की ती मोकळीक दरवेळी एकाच बाजूला पडते.

नाभी

लेन्स तशीच ठेवून कॅमेराच वरखाली केला तर? उभ्या सरकपट्टीवर सर्व्हो मोटर बसवायची. माथा लेन्सपासून कायम ८०० मिमीवर. मॅग्निफिकेशन तेच, फोकस तोच, कॅलिब्रेशन एकच. मोजपट्टी यांनी मांडलेला पिक्सेलचा फरकही जातो. ऑप्टिक्सच्या दृष्टीनं यापेक्षा स्वच्छ उपाय नाही.

रात्रपाळी

स्वच्छ आहे खरा. पण कॅमेरा, लेन्स आणि बहुतेक वेळा दिवाही सोबत न्यावा लागतो, कारण दिवा जागेवर राहिला तर प्रकाशाचा कोन बदलतो. एवढं वजन ०.६ सेकंदात ३०० मिमी हलवून थरथर थांबेपर्यंत वाट बघायची, आणि केबल कोटी वेळा वाकवायची. माल दिवसातून चारदा बदलत असता तर मीही हेच सुचवलं असतं.

काचकमान

फोकस किती हलवायचा हे आता नीट मोजू, कारण निवड त्यावरच ठरते.

अंतरं मिलिमीटरमध्ये मोजली की हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. डायॉप्टरमध्ये मोजा, म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. ९५० मिमी म्हणजे १.०५३ डायॉप्टर, ६५० मिमी म्हणजे १.५३८. फरक ०.४८६, अर्ध्या डायॉप्टरपेक्षाही कमी. बाजारातल्या मोठ्या छिद्राच्या लिक्विड लेन्स सहज पाच डायॉप्टर हलतात, म्हणजे तुमच्या गरजेच्या दहापट.

आता खोलीही डायॉप्टरमध्ये काढा. दोन गुणिले एफ-आकडा गुणिले चालणारा धूसरपणा, भागिले फोकल लेंथचा वर्ग. यात वस्तूचं अंतर कुठेच येत नाही, हे या सूत्राचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य. जवळ असो की लांब, खोली डायॉप्टरमध्ये सारखीच. एफ/५.६ आणि दोन पिक्सेलची मुभा धरली तर ती येते ०.१२४. म्हणजे ०.४८६ मध्ये चार वेळा बसते. फोकस सतत फिरवत राहायची गरजच नाही, चार ठरलेल्या जागा पुरतात.

डायॉप्टरचे चार समान तुकडे केले तर फोकसच्या जागा येतात ८९८, ८१०, ७३७ आणि ६७७ मिमीवर. खोक्याच्या उंचीत बघितलं तर पहिला गट ५० ते १४८ मिमी, दुसरा २२८ पर्यंत, तिसरा २९४ पर्यंत, चौथा ३५० पर्यंत. पहिला गट ९८ मिमीचा आणि शेवटचा ५६ मिमीचा आहे हे लक्षात घ्या. उंचीचे समान भाग पाडले असते तर उंच खोके गटाच्या टोकांना धूसर आले असते. एकाच जागी फोकस करायची वेळ आली तरी हेच लागू पडतं: ६५० आणि ९५० ची मधली जागा ८०० नाही, ७७२ आहे.

मोजपट्टी

दोन पिक्सेलचा धूसरपणा कोडला चालेल. मापाला मी तो द्यायला तयार नाही. एका पिक्सेलवर, एफ/४ ला खोली ०.०४४ येते, म्हणजे अकरा जागा. लिक्विड लेन्सला चार काय आणि अकरा काय, कष्ट सारखेच. मग अकरा का घेऊ नयेत?

काचकमान

लेन्सला सारखेच, कॅलिब्रेशनला नाहीत. प्रत्येक जागेला तुम्हाला ठिपक्यांची पाटी ठेवून वेगळं कॅलिब्रेशन करावं लागणार, आणि लेन्स बदलली की सगळं पुन्हा.

शिवाय धूसर कड म्हणजे चुकीची कड असं नसतं. धूसरपणा दोन्ही बाजूंना सारखा पसरला तर उजेड-अंधाराचा अर्धा बिंदू जागचा हलत नाही, आणि सबपिक्सेल (पिक्सेलहून बारीक मोजणाऱ्या) पद्धती तोच बिंदू शोधतात. इथे एक पिक्सेल ०.१३ मिमीच्या आत आहे आणि मुभा १ मिमीची.

मोजपट्टी

सारखा पसरला तर, हे महत्त्वाचं. चित्राच्या मध्याला पसरतो. कोपऱ्यात बहुतेक लेन्सचा ठिपका एका बाजूला शेपूट काढतो, आणि फोकस ढळला की ती शेपूट वाढते. खोक्याची कड नेमकी दृश्याच्या कडेला येते, लेबल मधे. दोघांची चूक वेगवेगळी होणार.

तुमच्या १ मिमीच्या मुभेला हे आड येणार नाही, तेवढं मान्य. मुभा ०.२ असती तर मी अकरावरच अडून बसलो असतो.

द्रवबिंदू

उशिरा वाचला धागा. लिक्विड लेन्स रोज हाताळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एकीत तेल आणि पाण्यासारखे दोन न मिसळणारे द्रव असतात आणि विजेच्या दाबानं त्यांच्यामधल्या पृष्ठाची वक्रता बदलते. याचं मूळ गाब्रिएल लिपमान यांनी १८७५ मध्ये अभ्यासलेल्या विद्युत-केशाकर्षणात (विजेच्या दाबानं द्रवाचा पृष्ठताण बदलणं) आहे. १९९३ मध्ये ब्रुनो बेर्ज यांनी मधे पातळ विद्युतरोधक थर घालून ते व्यवहारात आणण्याजोगं केलं, आणि पुढे २००२ मध्ये अशा लेन्स बनवणारी व्हॅरिऑप्टिक कंपनी सुरू झाली. दोन्ही द्रवांची घनता जुळवलेली असते, त्यामुळे लेन्स आडवी धरा की उभी, फरक नगण्य. छिद्र मात्र लहान, काही मिलिमीटरचं. ४ मिमीचं छिद्र २५ मिमीच्या लेन्समध्ये बसवलं तर तुम्ही एफ/६ च्या पलीकडे अडकलात.

दुसरीत एकच द्रव असतो, लवचीक पारदर्शक पडद्यामागे कोंडलेला. कॉइलमधून प्रवाह सोडला की कडी पडद्यावर दाबली जाते आणि पडदा फुगतो. ऑप्टोट्यून कंपनीच्या लेन्स या जातीच्या. छिद्र १० किंवा १६ मिमीचं मिळतं. २/३ इंची सेन्सर आणि २५ मिमी फोकल लेंथ बघता तुम्हाला ही दुसरी बरी.

हिच्या दोन खोडी माहीत असू द्या. कॅमेरा आडवा बघत असेल तर द्रव स्वतःच्या वजनानं खालच्या बाजूला ओघळतो, पडदा वर सपाट आणि खाली फुगीर होतो, आणि बिंदूला धूमकेतूसारखी शेपूट येते. तुमचा कॅमेरा सरळ खाली बघतो, त्यामुळे ही खोडी तुम्हाला लागणार नाही. दुसरी खोड उष्णतेची आहे. द्रव तापला की फुगतो आणि त्याचा अपवर्तनांकही उतरतो, म्हणून तोच प्रवाह सोडूनही सकाळचा फोकस आणि दुपारचा फोकस वेगळा. तापमान मोजणारा सेन्सर लेन्सच्या आतच असलेली आणि कंट्रोलर त्यावरून प्रवाह सावरून घेणारी लेन्स घ्या. सेन्सर नसलेली कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

वेळेचं म्हणाल तर ती काही मिलिसेकंदांत हलते, पण पडदा थोडा डुलतो. थांबायच्या आधी काढलेल्या फ्रेममध्ये मजेशीर गोष्ट दिसते: कोडचा मध्य स्वच्छ आणि कडेचे चौकोन विरघळल्यासारखे. पुढच्या फ्रेमला उलट. पूर्ण स्थिर व्हायला ३० मिलिसेकंद धरा. तुमच्याकडे ६०० आहेत, त्यामुळे निवांत.

एक मात्र सांभाळा: पुढच्या खोक्याची उंची आली म्हणून लगेच लेन्स हलवू नका. आधीचा खोका अजून कॅमेऱ्याखाली असू शकतो. उंच्या रांगेत ठेवा आणि आधीच्या खोक्याची फ्रेम निघाली की मगच पुढची जागा लावा.

पट्टा_चार

ही रांगेची गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, दोन खोक्यांत कधीकधी २०० मिमीचंच अंतर असतं. धन्यवाद.

लेन्सच्या पुढे लावायची की लेन्स आणि सेन्सर यांच्या मधे? पुढे लावली तर कोपरे काळे पडतात असं वाचलं.

काचकमान

२५ मिमीला पुढे लावा. पडताळा असा करा. एफ/४ ला लेन्सचं प्रवेश-छिद्र (समोरून दिसणारं आयरिसचं छिद्र) ६.२५ मिमीचं. ते लिक्विड लेन्सच्या मागे १५ मिमीवर आहे असं धरा. तुमच्या सेन्सरच्या कोपऱ्याकडे जाणारा किरण अक्षाशी १२ अंशांचा कोन करतो, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ६.६ मिमी जागा आणखी लागते. एकूण १३ मिमीच्या आत. १६ मिमीच्या छिद्रातून आरामात जातो, १० मिमीच्या छिद्राला मात्र कोपरे कापले जातील.

हाच हिशेब १२ मिमीच्या लेन्सला केलात तर १६ मिमीचंही छिद्र अपुरं पडतं. म्हणून रुंद दृश्याच्या लेन्सला लिक्विड लेन्स पुढे लावू नये, आतच बसवलेली तयार लेन्स घ्यावी. आत, आयरिसच्या जवळ ती असली की फोकस हलवताना मॅग्निफिकेशन त्यामुळे फारसं हलत नाही, हा आणखी एक फायदा.

तिरपी_काच

धाग्याशी जवळचा प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्याकडे लेसरची रेघ वरून पडते आणि कॅमेरा बाजूनं तिरका बघतो. रेघेचा वरचा भाग फोकसमध्ये आणला की खालचा जातो. लिक्विड लेन्सनं सुटेल?

काचकमान

नाही. लिक्विड लेन्स फोकसचं प्रतल मागेपुढे नेते, तिरकं करत नाही. तुम्हाला तिरकंच हवंय. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये तिरपा ॲडॅप्टर लावा. वस्तूचं, लेन्सचं आणि सेन्सरचं प्रतल एकाच रेषेत मिळाली की सगळी रेघ एकदम फोकसमध्ये येते. थिओडोर शाइमफ्लुग यांचं १९०४ चं पेटंट यासाठी प्रसिद्ध आहे, त्याआधी १९०१ मध्ये ज्यूल कार्पांत्ये यांनीही ही कल्पना मांडली होती.

किती तिरपं करायचं? सेन्सरच्या कोनाची टॅन म्हणजे वस्तूच्या कोनाची टॅन गुणिले मॅग्निफिकेशन. कॅमेऱ्याचा अक्ष लेसरच्या प्रतलाशी ३० अंश करत असेल तर लेन्सच्या प्रतलापासून वस्तूचा कोन ६० अंश. मॅग्निफिकेशन ०.१ असेल तर सेन्सर १० अंशांच्या किंचित आत तिरपा. एकदा बसवून घट्ट करायचं, तिथे चालताना काहीच हलवायचं नाही. पूर्ण तिरप्या दृश्याचं मॅग्निफिकेशन वरून खाली बदलत जातं, ते कॅलिब्रेशनमध्ये धरा.

रात्रपाळी

पट्टा_चार, लिक्विड लेन्स घ्यायचं ठरत असेल तर बाकीचं सगळं घट्ट करा. फोकस हलवणारी गोष्ट एकच असावी. लिक्विड लेन्स शून्यावर ठेवून नाही, तुमच्या पल्ल्याच्या मधल्या प्रवाहावर ठेवून २५ मिमीची लेन्स ७७२ मिमीवर हातानं फोकस करा. आयरिस पूर्ण उघडी ठेवून करा म्हणजे खोली सगळ्यात कमी असते आणि नेमका बिंदू हाताला लागतो. मग आयरिस कामाच्या आकड्यावर आणा, पुन्हा एकदा बघा, कारण काही लेन्सचा फोकस आयरिस बंद करताना थोडा सरकतो. मग दोन्ही कड्यांचे लहान स्क्रू आवळा. आवळताना कडी एका हातानं धरून ठेवा, स्क्रूच्या दाबानंही ती फिरते.

सी-माउंटच्या आट्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. इंचाला ३२ आटे, म्हणजे एका फेऱ्याला ०.७९ मिमी. लेन्स कॅमेऱ्यात एक दशांश फेरा सैल झाली की ती ०.०८ मिमी पुढे आली. एफ/४ ला सेन्सरपाशी तुमची सगळी मुभा ०.०२८ मिमीची आहे. पुढे लिक्विड लेन्सचं वजन लटकतंय, शेजारी कन्व्हेअरची मोटर थरथरतेय. लेन्सला खालून आधाराची कंस-पट्टी द्या आणि आटे पक्के करा. लेन्स आणि कॅमेरा यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. ती तुटलेली दिसली की लेन्स फिरली हे कोणालाही लांबून कळतं.

पट्टा_चार

छान. मग असं ठरवतोय: २५ मिमीची लेन्स तीच, पुढे १६ मिमी छिद्राची लिक्विड लेन्स, एफ/५.६, फोकसच्या चार जागा. प्रत्येक जागेला पाटी ठेवून कॅलिब्रेशन, आणि एका गटाच्या आत सेन्सरनं दिलेल्या उंचीवरून मॅग्निफिकेशन काढायचं. काही राहतंय का?

मोजपट्टी

कॅलिब्रेशनची पाटी प्रत्येक गटात दोन उंचींना ठेवा, गटाच्या तळाशी आणि माथ्याशी. एकाच उंचीला ठेवलीत तर मधलं मॅग्निफिकेशन तुम्ही सूत्रानं काढणार, आणि सूत्रात लेन्सपासूनचं अंतर लेन्सच्या पुढच्या कडेपासून नाही तर आतल्या मुख्य प्रतलापासून धरावं लागतं. ते बाहेरून दिसत नाही. दोन उंचींना मोजलं की ते आपोआप निघतं.

द्रवबिंदू

चार नको, सहा जागा घ्या. चारमध्ये प्रत्येक गट ०.१२१ डायॉप्टरचा आणि तुमची खोली ०.१२४, म्हणजे उष्णतेनं फोकस जरासा ढळला की गटाच्या टोकांवरचे खोके गेले. सहा जागांमध्ये गट ०.०८१ चा होतो आणि दोन्ही बाजूंना ०.०२ डायॉप्टरची सवलत मिळते. तापमानाची दुरुस्ती करणाऱ्या लेन्सला एवढी पुरते. काम सुरू करण्याआधी कॅमेरा आणि लेन्स दोन्ही चालू करून गरम होऊ द्या, आणि कॅलिब्रेशनही गरम अवस्थेतच करा.

पट्टा_चार

सहा घेतो. फोकस हळूहळू ढळायला लागला तर कोड वाचले जाणं बंद व्हायच्या आधी ते कळावं कसं?

द्रवबिंदू

पट्ट्याच्या बाजूच्या चौकटीवर, दृश्यात येईल अशा जागी, पक्क्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक छोटी पट्टी चिकटवा. काम सुरू होताना आणि मधेमधे दोन खोक्यांत मोठं अंतर सापडलं की लेन्स त्या पट्टीच्या अंतराच्या आसपास पाच-सात प्रवाहांवर फिरवून घ्या, प्रत्येक फ्रेममध्ये पट्टीचा रेखीवपणा काढा. लाप्लासियनचा (शेजारच्या पिक्सेलमधला फरक टिपणारी गाळणी) विचलन-आकडा पुरेसा आहे. मधे वर चढून दोन्हीकडे उतरणारा आलेख मिळतो. त्याचं शिखर कोणत्या प्रवाहावर आलं एवढंच नोंदवून ठेवा.

शिखराची उंची बघू नका, ती दिव्याच्या उजेडाबरोबर आणि काचेवरच्या धुळीबरोबर बदलते. शिखराची जागा बघा. ती सरकून ०.०२ डायॉप्टरच्या जवळ आली की सहाही जागांना तेवढीच दुरुस्ती लावा, कारण ढळणं डायॉप्टरमध्ये सगळ्यांना जवळपास सारखं असतं. आणि शिखराची जागा एका रात्रीत उडी मारून बदलली असेल तर दुरुस्ती लावू नका, आधी रात्रपाळी यांची पांढरी रेघ तपासा.